पाणी दिलेली रांग

त्याची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. कारण काय, तर त्यानं झाडाला पाणी दिलं होतं.

हसायचं तर हसा. पण मध्य प्रदेशातल्या, नागपूरला लागून असलेल्या पांढुर्णा-सौंसरच्या कुठल्याही बगीच्यावाल्याला विचारा. ऐन थंडीत, बगीचा ताणावर असताना संत्र्याला पाणी सोडणारा माणूस आमच्याकडे शिव्या खायच्याच लायकीचा असतो.

ताण म्हणजे काय, ते आधी सांगते. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं, हवी असतील तर महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं झाड. मग एक दिवस पाणी सोडायचं, आणि झाड असं फुलतं की वासानं डोकं भणभणतं. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या महिन्यात झाडाच्या आत, पेशीत, नेमकं काय घडतं ते मला पाहायचं होतं.

मी दामिनी धोटे, सौंसरची. पांढुर्ण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कागदावर माझं नाव आहे ‘अतिथी विद्वान’. विद्वान कामापुरती, अतिथी कायमची. पांढुर्णा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, माझी खुर्ची काही पक्की झाली नाही. सोबत नागपूरच्या एका संस्थेत पीएच.डी. चालू होती, आणि तिची मुदत या उन्हाळ्यात संपत होती. बहार वर्षातून एकदाच येतो. म्हणजे हा ताण माझा शेवटचा. यंदा हाती काही लागलं नाही, तर इतक्या वर्षांचं काम मातीत आणि नातेवाइकांचं तोंड उघडं... “आता तरी लग्न करून घे बाई.”

त्या दुपारी तास संपवून मी सौंसर रोडवरच्या पुंडलिकराव खवस्यांच्या बगीच्यात गेले. तिथे दोन रांगांत माझी झाडं होती, लाल फीत बांधलेली. बगीच्यात शिरले आणि कानावर आवाज आला. टप... टप... टप.

ठिबकचा.

मी धावत सुटले. नदीकडच्या रांगेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक तरुण वाकून झाडाच्या बुडाशी हात लावून पाहत होता... जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. माती ओली झाली होती. वास सुटला होता. दुसरा कुठला दिवस असता तर मला तो वास आवडला असता.

“काय करून राहिले तुम्ही हे?”

तो वळला. उंच, सावळा, चष्म्यावर चिखलाचा एक थेंब. वर हसलाही. “पाणी देतोय. बिचारी पार सुकली होती.”

“कोण बिचारी?”

“झाडं.”

“झाडं बिचारी. आणि तुम्ही कोण, दयासागर?”

“मी चेतन. पुंडलिकरावांचा मुलगा. पुण्याला असतो. बाबांचा पाय मोडलाय, नागपूरला दवाखान्यात आहेत, म्हणून—”

“बाबांनी सांगितलं नाही तुम्हाला? पाणी लावायचं नाही म्हणून?”

“सांगितलं होतं...” तो जरा अडखळला. “पण ते गुंगीत होते. मला वाटलं काहीतरी बरळतायत. कोणता शेतकरी म्हणेल, झाडं मरू दे?”

मग मी जे बोलले त्यातलं अर्धं इथे लिहिता येणार नाही. सहावीत असतानाच हा पोरगा नागपूरच्या वसतिगृहात गेला होता. कुठलीच थंडी त्यानं बगीच्यात काढली नव्हती. संत्र्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला संत्रं फळाच्या पेटीपुरतंच माहीत होतं. मी त्याला ताण समजावला, म्हणजे ओरडून सांगितला. त्याचा चेहरा उतरत गेला. पण शेवटी चष्मा पुसत म्हणाला काय...

“म्हणजे आधी छळायचं, आणि मग फुलं मागायची.”

“हाव. आमच्याकडे तसंच असते.”

“माणसांशी पण?”

मी त्या रांगेतल्या माझ्या झाडांच्या लाल फिती एकेक ओरबाडून काढल्या, त्याच्या अंगावर फेकल्या आणि निघाले. मागून आवाज आला, “सॉरी. ऐकून तर घ्या—” पांढुर्ण्याच्या माणसानं सौंसरच्या पोरीची माफी मागायची, हेही नवलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेत, नदीपलीकडच्या गावाला दगड मारणारं गाव हे. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बस मिळाली. खिडकीशी बसले. डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही रागाचं. बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लोकांना दुःखच सुचतं, म्हणून सांगून ठेवते.

बस जामसांवलीच्या फाट्याशी थांबली. हनुमानाच्या दर्शनाला आलेल्या बाया चढल्या. माझ्या आईनंही तिथे माझ्या डॉक्टरकीसाठी नवस केला होता. डॉक्टरकी आधी की लग्न आधी, ते तिनं देवावर सोडलं होतं. बाया नारळ फोडून खोबरं वाटत होत्या. एक तुकडा माझ्या हातात आला, तो मी तोंडात टाकला, आणि तसाच चावायचा राहिला.

कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

माझ्या कामात एक भोक होतं. ताणावरची झाडं माझ्याकडे होती. पण तुलनेला पाणी दिलेली झाडंही लागतात... त्याच मातीतली, त्याच वयाची, त्याच जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून कलम केलेली. माझ्याकडे होती ती नागपूरच्या काचघरातली कुंड्यांमधली रोपं. स्मिता मॅडम, माझ्या मार्गदर्शक, प्रत्येक वेळी म्हणायच्या, “दामिनी, कुंडीतलं रोप आणि बगीच्यातलं झाड यांची तुलना कोण मान्य करेल?” खरं होतं. पण ताणाच्या दिवसांत झाडाला पाणी दिलं की त्या झाडाचा बहार गेला. असा कोण शेतकरी मला एक रांग देणार? मी पुंडलिकरावांना मागून पाहिली होती. ते म्हणाले होते, “पोरी, भाकर माग, देतो. बहार नको मागू.”

जे या मुलुखात कोणी शहाणा माणूस मला देणार नव्हता, ते एका अडाण्यानं दयेपोटी, न मागता, दिलं होतं. आणि मी त्याच्या अंगावर फिती फेकून आले होते.

“थांबवा,” मी कंडक्टरला म्हटलं.

“आत्ता तर थांबली होती ना, मॅडम.”

“मग परत थांबवा.”

दर्शनाहून परतणाऱ्या एका जीपमध्ये, बाया आणि नारळाच्या पिशव्यांमध्ये स्वतःला कोंबून घेऊन मी पांढुर्ण्याला परत आले. ऊन कलतीला लागलं होतं. तो बांधावर बसला होता, माझ्या फिती मांडीवर घेऊन. एकेक सरळ करत होता.

“पाणी बंद केलं का?”

तो ताडकन उभा राहिला. “केलं. तुम्ही म्हणालात ना, लगेच—”

“चालू करा.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “तुमचं... बरं आहे ना?”

“चालू करा आणि रोज चालू ठेवा. फक्त हीच रांग. बाकीच्यांना थेंब नाही.”

मग मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. या वेळी न ओरडता. झाडाच्या पानात एक प्रोटीन तयार होतं. ते पानाच्या शिरेतून निघतं आणि प्रवास करत फांदीच्या शेंड्याशी येतं. तिथे दुसरं एक प्रोटीन बसलेलं असतं. दोघं भेटले तर फूल. नाही भेटले, तर झाड नुसती पानं काढत बसतं.

“मग भेटायला अडचण काय?” त्यानं विचारलं.

“ते एकमेकांचा हात थेट धरत नाहीत. मध्ये तिसरं प्रोटीन लागतं, दोघांनाही धरून ठेवणारं. मी त्याला मामा म्हणते.”

“मामा?”

“मांडवात नवरीला हाताला धरून कोण आणतो? त्याच्याशिवाय ती पाटावर येते का?”

तो हसला. या वेळी मलाही राग आला नाही. “आणि ताणानं हा मामा जागा होतो?”

“तेच मला पाहायचं आहे. भातात या तिघांची भेट लोकांनी पाहिली आहे. माझ्या संत्र्यात, आमच्या ताणात होते का... ते मी दाखवणार. आणि पाणी पिऊन सुस्त झाडात होत नाही, हेही दाखवावं लागते. नाहीतर कोण विश्वास ठेवन?”

“कळलं,” तो म्हणाला. “मी पुण्यात हेच करतो. सॉफ्टवेअर तपासतो. चालतंय हे कोणीही दाखवतो. चालायला नको तिथे चालत नाही ना, ते पाहायला माझ्यासारखा लागतो.” मग जरा थांबून... “पण बाबा आल्यावर मला मारतील.”

“मारतील. पाय प्लास्टरात आहे त्यांचा. दूर उभे राहा.”

त्यानं ठिबकची तोटी फिरवली. टप... टप... टप. या वेळी तो आवाज ऐकत मी उगाचच बांधावर बसून राहिले. ते सगळंच संशोधनाचं नव्हतं. पण तेव्हा मी ते स्वतःला सांगितलं नाही.

त्या थंडीत मी रोज कॉलेज सुटलं की बगीच्यात जायची. कामासाठीच जायची, कोणाला शंका असेल तर असो. तो घरून काम करायचा, लॅपटॉप विहिरीच्या खोलीत ठेवून, आणि मी आले की लॅपटॉप मिटायचा. आम्ही दोन्ही रांगांतून फिरायचो. एका बाजूला हिरवी, टवटवीत, फुकट खाऊन सुटलेली रांग, दुसऱ्या बाजूला वळलेल्या पानांची, ओठ घट्ट मिटून बसल्यासारखी. तो तिकडच्या झाडांना हळूच हात लावायचा. पाणी द्यायची हिंमत नव्हती, पण धीर द्यायचा.

“बोलून काय राहिले त्यांच्याशी?” मी विचारायची.

“सांगतो, थोडे दिवस कळ काढा. मॅडम कडक आहेत.”

आला तेव्हा पुणेरी ‘देतोय, करतोय’ बोलायचा. हळूहळू त्याची जीभ घरी यायला लागली. एक दिवस फोनवर साहेबाला म्हणाला, “हो सर, मी पाहून राहिलो...” आणि जीभ चावली. मी तोंडात ओढणी कोंबून हसले. माझ्या या ‘करून राहिली’वर नागपूरच्या संस्थेत दर वेळी दोन-चार ओठ मुडपतात. त्या मुडपलेल्या ओठांचा मला इतका राग आहे की त्याच्या तोंडी ते ऐकून... काय सांगू. थंडीत कोणी शाल टाकावी अंगावर, तसं वाटलं.

“हसून घ्या,” तो म्हणाला. “तुमच्यामुळेच बिघडलो.”

“बिघडले नाही. दुरुस्त होऊन राहिले.”

तो पाहत राहिला. मी झाडाकडे पाहिलं. झाड माझ्याकडे पाहत नव्हतं, बरं झालं.

संक्रांत झाली आणि पुंडलिकराव घरी आले. आल्या आल्या म्हणाले, बगीचा दाखवा. चारपाईवर बसवून दोन माणसांनी त्यांना बांधापर्यंत आणलं. मीही होते तिथे. पुंडलिकरावांची नजर फिरत गेली... मलूल, मलूल, मलूल, आणि एकदम हिरवीगार.

“हे रांग हिरवी कामून दिसून राहिली?”

चेतन चष्मा पुसायला लागला.

“चेतन. म्या काय विचारलं?”

“बाबा, मी पाणी देऊन राहिलो.”

“दिलं?”

“देऊन राहिलो. अजूनही.”

त्यांचा हात चारपाईवरच्या काठीकडे गेला. चेतन हलला नाही, दूरही सरकला नाही. मी सांगून ठेवलं होतं तरी. “पहिल्या दिवशी चुकून दिलं,” तो म्हणाला. “नंतर चुकून नाही.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच.”

आणि इथे मला ते सहन झालं नाही. माझ्या कामासाठी दुसऱ्यानं शिव्या खायच्या आणि मी ओढणीचं टोक चाळत उभी राहायचं, असली नायिका मी नाही.

“खोटं बोलून राहिले ते, काका. मी सांगितलं. तुम्ही बहार नाही दिला, म्हणून मी घेतला.”

पुंडलिकराव माझ्याकडे पाहत राहिले. मग मुलाकडे. मग परत माझ्याकडे. काठी जमिनीवर दोनदा आपटली.

“चोरी करते आणि वर तोंड करून सांगते.”

“हाव.”

“धोटे गुरुजींची ना तू?”

“हाव.”

“बापासारखीच हट्टी.” ते बराच वेळ त्या हिरव्या रांगेकडे पाहत राहिले, मेलेल्या माणसाकडे पाहावं तसे. “गेला या रांगेचा बहार. आता तो काही परत येत नाही. पण पोरी... इतकं करून हाती काही नाही लागलं, तर या बगीच्यात पाय ठेवू नको. आणि तू,” हे मुलाला, “तू तिच्या मागं जाऊन पाह्य, काय करते ते. माझी रांग गेली आहे, मले हिशेब पाहिजे.”

माझ्या मागे जायला त्याला बापाचा हुकूम मिळाला. चेतननं मान खाली घातली, पण गालावरची खळी लपवता आली नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोन्ही रांगांच्या शेंड्यांवरचे कोवळे डोळे, म्हणजे फुटू पाहणारे कोंब, खुडले आणि लगेच द्रव नायट्रोजनच्या डब्यात टाकले. पेशीतली प्रोटीन्स त्याच क्षणी गोठली पाहिजेत, नाहीतर नागपूरला पोचेपर्यंत ती विरघळून जातात, कोण कोणाला धरून होतं त्याचा मागमूस उरत नाही. आता हा डबा कसा असतो, ते खेड्यातल्या माणसाला विचारा. ॲल्युमिनियमचा, बुटका, झाकण उघडलं की पांढरा धूर. आमच्याकडे असा डबा एकाच माणसाच्या गाडीवर दिसतो, जनावरांच्या डॉक्टरच्या.

नागपूरच्या बसमध्ये चेतन तो डबा दोन पायांत धरून बसला. शेजारी प्रमिलाबाई नावाची एक म्हातारी, कोणालाही नाव सांगणारी आणि कोणालाही काहीही विचारणारी.

“बेटा, जर्सीचं आहे का मुऱ्ह्याचं?”

चेतनला कळेना. “काय?”

“बीज. आमची म्हैस माजावर येऊन राहिली. डॉक्टर फोनच नाही उचलत.”

चेतनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी खिडकीबाहेर पाहत होते, म्हणजे पाहायचा प्रयत्न करत होते.

“आजी, हे... संत्र्याचं आहे,” तो म्हणाला.

“बाप रे. संत्र्याले पण लागते का आता?”

अख्खी बस हसली. कंडक्टर म्हणाला, “मग पुढच्या वर्षी एका झाडाले जुळे होतील.” चेतननं डब्यावर रुमाल टाकला, जसं त्यानं काही झाकलं जाणार होतं. मी हसता हसता त्याच्या खांद्यावर टेकले... आणि तशीच राहिले. त्यानंही खांदा हलवला नाही. सावनेरपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तीच आमच्यातली सगळ्यात लांब बोलणी.

प्रयोगशाळेत मी त्याला समजावलं. डोळे वाटून रस काढायचा. त्यात एक गळ सोडायचा, जो फक्त पानातून आलेल्या प्रोटीनलाच अडकतो. मग ओढायचं. शेंड्यातलं प्रोटीन आणि मामा त्याच्यासोबत आले, तर ते हात धरून होते. नाही आले, तर तो बिचारा एकटाच.

“एवढंच?” तो म्हणाला. “एकाला ओढायचं, आणि दुसरा येतो का पाहायचं?”

“एवढंच. पण ओढायची हिंमत लागते. काही नाही आलं तर?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार होता. तेवढ्यात स्मिता मॅडम आत आल्या, “दामिनी, हे कोण?” आणि मी म्हणाले, “सर, हे पाणी देणारे आहेत.” घाबरले की मी मॅडमनाही सर म्हणते.

निकाल आला तेव्हा तो पांढुर्ण्याला परत गेला होता. एक्स-रेसारख्या फिल्मवर प्रत्येक प्रोटीनची एक रेघ उमटते. ताणाच्या झाडांच्या जागी तीन काळ्या रेघा होत्या... ठळक, सरळ, कोणी काजळानं ओढल्यासारख्या. पानातून आलेला पाहुणा, शेंड्यातला घरचा, आणि दोघांना धरून मामा. पाणी दिलेल्या झाडांच्या जागी एकच फिकट रेघ. पाहुणा एकटाच आला होता. त्याच्यासोबत कोणी नव्हतं.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच.

मी फोन लावला. तिकडून “हॅलो” म्हणायच्या आत म्हणाले, “आले. तिघंही आले.”

तो मग म्हणाला, “आणि माझ्या रांगेत?”

“तुझ्या रांगेत कोणी नाही आलं. बरोबर आहे तुझी रांग.”

“तुम्ही मला ‘तू’ म्हणून राहिल्या,” तो हळूच म्हणाला.

मी फोन ठेवून दिला. गाल इतके तापले होते की ती फिल्म त्यावर ठेवली असती तर पुन्हा काळी पडली असती.

फेब्रुवारीत माझं सादरीकरण झालं. मोठा हॉल. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ पहिल्या रांगेत पाय ताणून बसलेले. मी बोलायला लागले, “या झाडांना आम्ही ताण देऊन राहिलो होतो,” आणि दोन ओठ मुडपले. मी थांबले. सरळ त्यांच्याकडे पाहिलं. “आमच्याकडे असंच बोलतात,” म्हटलं, “आणि संत्रंही आमच्याकडेच लागतं. पुढे जाऊ का?”

शेवटी तज्ज्ञांनी तोच प्रश्न काढला, ज्याला मी वर्षभर घाबरत होते.

“ठीक आहे. पण तुलनेची झाडं कुठली? काचघरातली ना? मग हे सगळं व्यर्थ आहे.”

“नाही सर. त्याच बगीच्यातली. शेजारची रांग.”

ते पुढे वाकले. “ताणाच्या काळात पाणी? अशी रांग कोणत्या शेतकऱ्यानं दिली तुम्हाला?”

“शेतकऱ्यानं नाही दिली. एका मूर्खानं दिली.” मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. “ते तिकडे बसले आहेत.”

सगळ्या माना वळल्या. चेतन उभा राहिला, कान लाल. नमस्कार केला. पहिली टाळी कोणी वाजवली ते मला माहीत आहे... स्मिता मॅडमनी. मग सगळ्यांनी. ते तज्ज्ञही हसत होते, आणि ओठ मुडपणारे टाळ्या वाजवत होते. वाजवा म्हटलं. चांगल्या जोरात वाजवा.

मी प्रबंध लिहायला बसायच्या आधी बगीच्यात गेले. पुंडलिकरावांना हिशेब द्यायचा होता. ते वॉकर घेऊन दारातच भेटले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मले काही समजलं नाही. पण पेपरात येईन का?” मी म्हटलं, “येईन.” “मग माझ्या बगीच्याचं नाव लिहिजो,” म्हणाले, आणि आत जाताना, मागे न पाहता... “तो आतमध्ये आहे. पुण्याहून बोलावणं आलं आहे त्याले.”

ताण तोडून पाणी सोडल्याला महिना होत आला होता, आणि बगीचा फुलला होता. काय सांगू तुम्हाला... पांढरा, दाट, मधमाश्यांच्या आवाजानं गुंगलेला. श्वास घेतला की छातीत जागा उरत नव्हती. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात एकच रांग हिरवी होती. बिनफुलाची. खाऊन-पिऊन सुखी, आणि रिकामी.

तो त्याच रांगेत उभा होता. मी त्याच्याकडे जात होते, आणि अचानक थबकले.

एका फांदीच्या टोकाला फुलांचा झुपका होता.

पाणी दिलेल्या रांगेत फूल? सगळं खोटं? मी धावले, फांदी धरली... आणि पाहिलं. फुलांची डहाळी शेजारच्या रांगेतून तोडून आणली होती. लाल फितीनं बांधली होती. माझ्याच.

“माझा प्रयोग खराब करून राहिले तुम्ही?”

“निकाल लागला ना आता.” तो हसत नव्हता. “म्हणून थांबलो होतो. निकालाच्या आधी बांधलं असतं तर तू मारलं असतं.” मग त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. “सोमवारी पुण्याला बोलावलं आहे. मी... म्हणजे जायचं का नाही, ते मला... तुला विचारायचं होतं की...”

माणूस पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, आणि एक वाक्य धड पुरं करता येत नाही.

“ऐक,” मी म्हटलं. “पुण्याला जा, नको जाऊ, तुझं तू ठरव. मी इथून हलणार नाही. माझं संत्रं इथे आहे. पण लग्न मला तुझ्याशीच करायचं आहे. आता तू बोल.”

एक मधमाशी त्याच्या कानापाशी घोंघावून गेली.

“मामा कोण उभा राहणार?” शेवटी तो म्हणाला.

“तुझ्या बाबांना विचार. काठी घेऊन उभे राहतील.”

तो हसला, पण जागचा हलला नाही. पाय त्या ओल्या मातीत, रिकाम्या रांगेत. पाणी दिलेल्या रांगेत कोणी कोणाच्या सोबत येत नाही, हे मीच तीनदा करून पाहिलं होतं, मीच हॉलभर लोकांसमोर सांगितलं होतं.

मी त्याचा हात धरला आणि फुललेल्या झाडांकडे ओढला.

तो आला.